पालीचा घास

चामराजपेट हे बंगळूरमधील १८९२ साली आखले गेलेले उपनगर. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आणि रामनवमीचा संगीतोत्सव यांमुळे ते सुपरिचित आहे. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. मराठी भाषेचा या शहराशी असलेला संबंध इतका जुना आहे. त्या परिसरातील एका मराठी घरात घडलेली ही साधी हकीकत.

घरातील आजी तांदूळ निवडताना सापडलेला किडाही अलगद अंगणात सोडीत. पाल चुकचुकली की बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत. पाल अंगावर पडल्याची शुभाशुभ फले सांगणारे पंचांग त्यांच्या नित्य वाचनातले. तथापि पालीची भूक हा विषय त्यात नव्हता.

उन्हाळ्याच्या सुटीत खिडकीच्या फटीत सापडून पालीचे एक पिल्लू जायबंदी झाले. शेपूट गळाली, पाय दुखावला. नातवाने ते काचेच्या बरणीत ठेवले, झाकणाला भोके पाडली आणि तो रोज किडे आणून त्याला घालू लागला. आठवड्याने तो आजोळी धारवाडला गेला आणि बरणी आजींकडे आली.

आजींनी प्रथम भाताचे शीत ठेवले, मग दिव्याखाली मरून पडलेला पतंग. पिल्लाने दोहोंकडे ढुंकूनही पाहिले नाही. पालीची शिकार हालचालीवरून हेरली जाते. जे निश्चल ते बहुधा तिच्या लेखी अन्नच नव्हे. दोन दिवस पिल्लू उपाशी होते. पापण्या नसलेले त्याचे डोळे मिटत नव्हते. मधूनच ते जिभेने पुसून घेई आणि पुन्हा तसेच पाहत राही.

तिसऱ्या संध्याकाळी वळीव कोसळला आणि पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमली. जपमाळ ओढणाऱ्या बोटांनी आजींनी त्यातील एक कीटक पंखाला धरून उचलला. तो बोटांत फडफडत होता. क्षणभर त्या थांबल्या, मग त्यांनी तो बरणीत सोडला. पुढचे निमिषार्धात घडले.

वस्तुतः ताटातल्या भातामागेही शेतात मेलेले असंख्य कीटक असतातच. परंतु ती हिंसा दृष्टीआड असते आणि म्हणून अहिंसेचे व्रत निर्वेध चालते. येथे मारणारी पाल होती, निवड मात्र आजींची होती. एकाची कीव करायची तर दुसऱ्याला तिची किंमत द्यावी लागणार, आणि न देण्याचा निर्णयही निष्पाप ठरणार नव्हता. त्या संध्याकाळी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणण्याचे त्यांना धैर्य झाले नाही. पुढे मात्र रोज दिवेलागणीला त्या बरणीपाशी बसत.

नातू परतला तेव्हा पिल्लू काच चढू लागले होते, शेपटीचा नवा कोंब दिसत होता. त्याने ते घड्याळामागे सोडले आणि आनंदाने विचारले, ‘‘आजी, तू काय घातलंस ग त्याला?’’

आजी म्हणाल्या, ‘‘एकोणीस जीव.’’