दोनशे फुटांचे शनिवार

मुंबई हायवर नोकरीला असताना मी सॅच्युरेशन डायव्हर जवळून पाहिले होते. जहाजावरच्या लोखंडी चेंबरमध्ये ते आठवडेच्या आठवडे दाबाखाली राहत. तळाशी पाइपलाइनचं काम करायचं, वर येऊन त्याच दाबात जेवायचं, झोपायचं. काम संपल्यावर 70 मीटरच्या दाबातून मोकळ्या हवेत यायला त्यांना तीन-साडेतीन दिवस लागत. मधे घरून कसलाही निरोप आला तरी दार उघडत नसे.

पुढे कामानिमित्त लुइझियानाला आलो आणि तिथल्या सहकाऱ्यांची शनिवारची हौस पाहून चक्रावलो. पाठीला हवेचा एक सिलिंडर, हातात स्पिअरगन, आणि बुडी थेट 200 फुटांवर! हौशी डायव्हरची मर्यादा 130 फूट आहे, हे त्यांतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

मी शिकार करत नाही. मला बोटीवर घड्याळ सांभाळायला नेत. मिसिसिपीच्या मुखाजवळच्या व्हेनिसहून पहाटे निघायचं, तेलाच्या रिगच्या पायाला आकडा अडकवून बोट लावायची. वर नदीचं गढूळ गोडं पाणी आणि त्याच्याखाली एकदम निळा समुद्र. रिगच्या पोलादी पायांवर शिंपले-बार्नॅकल चढतात, त्यांच्याभोवती लहान मासे जमतात, आणि त्यांच्यामागे स्नॅपर, कोबिया, अंबरजॅक. वरचे मोठे मासे कधीच मारून झालेले. ज्याला रोडिओत, म्हणजे तिकडच्या मासेमारीच्या स्पर्धेत, नाव काढायचंय त्याला खालीच जावं लागतं.

खालचा हिशेब मात्र फार कडक असतो. 200 फुटांवर दाब वरच्या सातपट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही सातपट खर्च होते. शांत तरंगत राहिलात तर साधा सिलिंडर पंधरा-सोळा मिनिटं पुरेल. पण भाला लागलेला वीस-पंचवीस किलोंचा अंबरजॅक तुम्हाला शांत तरंगू देत नाही. तो रिगच्या आडव्या नळ्यांमधून केबल गुंडाळत पळतो, माणूस त्याच्यामागे ओढला जातो, आणि हवा निम्म्या वेळातच संपायला येते. त्यात नायट्रोजनची नशा. वर आल्यावर मोठमोठ्या माशांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना खाली आपण किती वेळ होतो हे मात्र सांगता येत नसे.

हाच नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि पेशींत विरघळत जातो. सावकाश, ठरावीक खोलीवर थांबे घेत वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आलं तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्येच हे दाखवून दिलं होतं, आणि हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये थांब्यांची कोष्टकं छापली. याच मिसिसिपीवर सेंट लुईसचा पूल बांधताना, 1870 च्या सुमारास, पायाच्या दाबाच्या पेटीतून वर येणारे मजूर लुळे पडत, मरत. त्यांना कारण माहीत नव्हतं. आमच्या बोटीवर सगळ्यांना माहीत होतं.

मग? मला वाटतं, त्यांचा गुरू वेगळाच होता. थांबा चुकवला आणि काही झालं नाही, पुढच्या वेळी आणखी थोडा चुकवला, तरीही काही झालं नाही. खांदा दुखला तर मासा ओढताना लचकला. अंगावर चट्टे उठले तर वेटसूट काचला. एका पन्नाशीच्या वेल्डरने तर थांबे सांगणारा डाइव्ह कॉम्प्युटर बोटीवरच काढून ठेवला होता, सारखा टिवटिव करतो म्हणून.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तोच वेल्डर दुसऱ्या बुडीतून ठरल्यापेक्षा लवकर वर आला. माशाने केबल नळीला गुंडाळली, ती सोडवताना हवा संपत आली, आणि थांबे घेण्याइतकी उरलीच नाही. मासा मात्र त्याने आणला होता. सिगारेट पेटवली, फोटोही काढून घेतला. वीसेक मिनिटांत खांदा धरला. मग म्हणाला, पावलांना मुंग्या येताहेत. मग बोटीच्या कडेला उभा राहिला आणि त्याला लघवीच होईना. तेव्हा बोटीवरचे विनोद थांबले. असं झालं म्हणजे इजा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचलेली असते.

एकजण म्हणाला, नवा सिलिंडर लावून याला तीस फुटांवर खाली धरू या, उतरेल. पाय लुळे पडत चाललेल्या माणसाला पुन्हा पाण्यात घालायचं! मी आडवा आलो. बोटीवर ऑक्सिजन नव्हता. व्हीएचएफच्या 16 नंबर चॅनेलवर कोस्ट गार्डला बोलावलं. उंचीवर हवेचा दाब कमी होऊन बुडबुडे वाढतात, म्हणून त्यांचं हेलिकॉप्टर त्याला घेऊन पाण्यालगतच उडत गेलं. चेंबरमध्ये त्याला 60 फुटांइतक्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनवर ठेवलं, पावणेपाच तास, आणि पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा. तो काठी घेऊन चालायला लागला. कॅथेटर घालायचं मात्र त्याला स्वतःचं स्वतः शिकावं लागलं.

पुढच्या मोसमात तो सुकाणू धरायला म्हणून परत आला, आणि काही आठवड्यांनी "फक्त शंभर फूट" म्हणत पाण्यात उतरला. त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं, तुम्ही अडवत का नाही? मी सांगितलं, अडवतो, तो हसतो.

बोटीवर आता हिरवा ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क असतो. मीच आग्रह धरून आणायला लावला. मालक तो नव्या माणसांना कौतुकाने दाखवतो आणि म्हणतो, आता हे आहे, तेव्हा 220 पर्यंत जायला हरकत नाही.