तार किती जोराने छेडावी?

भक्तिसंध्येच्या व्यासपीठावर हार्मोनियम दिसते, तबला-ढोलक दिसते, गायिका तर सर्वांच्या समोरच असते. ढोलकवाल्याच्या खांद्याआड लांब मानेचे, चार जाड तारांचे एक वाद्य घेऊन कोणी बसलेला असतो, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो मध्येच थांबला, तर मात्र गाण्याखालची जाजमे कोणी ओढून घेतल्यासारखे वाटते. ही बास गिटार. स्तवनांच्या चाली चित्रपटसंगीताच्या वळणाने जाऊ लागल्या, तेव्हापासून ती आपल्या कार्यक्रमांतही रुळली आहे.

वाद्य तसे अलीकडचे. पूर्वी खर्जाचे काम माणसाएवढ्या उंचीच्या डबल बासकडे असे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बास गिटार बाजारात आणली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ती आली आणि राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्या हातून घरोघरी पोहोचली, जरी घरोघरच्या लोकांना तिचे नाव ठाऊक नव्हते.

जळगावच्या दाणाबाजारातील एका व्यापाऱ्याच्या घरी ती आली मुलीमुळे. मुलगी महाविद्यालयात असताना वाजवीत असे. नोकरीसाठी ती बंगळूरला गेली आणि वाद्य खोळीसह कपाटाशेजारी उभे राहिले. दुकानाचा बराचसा भार मुलाने उचलल्यावर, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी या गृहस्थांनी एके रात्री ती खोळ उघडली. मुलीने दूरध्वनीवरून सूर लावायला शिकवले. वर्षभरात साध्या स्तवनांची साथ त्यांना जमू लागली. जमत नव्हती ती एकच गोष्ट, ती म्हणजे तार किती जोराने ओढायची.

हे गृहस्थ जोराने वाजवीत. मोठ्या तारेवर बोट घालून ती अशी खेचीत, की तार खालच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून खडखडे. अर्ध्या तासात बोटांना फोड येत, मनगटापासून कोपरापर्यंत कळ जाई. ढोलक जोरात आहे, तर आपणही जोरातच वाजवले पाहिजे, असा त्यांचा समज होता. त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रण करून मुलीला पाठवले. तिचे उत्तर आले, "पप्पा, सूर ऐकूच येत नाही, नुसती टकटक येते. तुम्ही गिटार वाजवताय की दार?"

त्यात मोबाइलचाही थोडा दोष होता. बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. सर्वांत बारीक तारेची सुमारे ९८. एवढा खोल नाद मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला पेलत नाही. तो वरचेवरचे तेवढे ऐकवतो. पण म्हणूनच मुलीला नेमके कळले, की वरचेवर खडखडाट फार आहे.

जोराने तार ओढल्यावर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. तार फार ताणली गेली की पहिल्या क्षणी तिचा सूर किंचित चढतो, मग उतरून जागेवर येतो. कानाला तो बेसूरपणा स्पष्ट कळत नाही, पण खटकतो. शिवाय पट्ट्यांवर आपटण्यात तारेची शक्ती खर्ची पडते, म्हणजे नाद लवकर विझतो. जोर लावून मिळते काय, तर आरंभीचा एक ठोका. आवाज मोठा करण्याचे काम अँप्लिफायरचे आहे. त्याला वीज लागते, बोटांचे रक्त लागत नाही.

तरीही या गृहस्थांचा हात हलका झाला नसता. कारण ठरली त्यांची धुळ्याची मोठी बहीण. तिच्या सासरचे कापडाचे दुकान आग्रा रोडला आहे. घरात सगळे तिला जिजी म्हणतात. लग्नापूर्वीपासून ती स्तवने गाते. दोन वर्षांपूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर तिचा आवाज बारीक झाला. सूर शाबूत, पल्लाही बराचसा शाबूत, पण जोर गेला. महावीर जन्मकल्याणकाच्या संध्याकाळी धुळ्यात ती पुन्हा गाणार, असे ठरले आणि साथीला भाऊ हवा, हा आग्रह तिचाच होता.

एरंडोल, पारोळा करीत हे गृहस्थ सरावासाठी धुळ्याला गेले. पहिल्या स्तवनाच्या दोन ओळी झाल्या आणि जिजी थांबली. पाणी प्यायली. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबली. मग म्हणाली, "भाऊ, तू वाजवायला लागलास की मला माझाच सा सापडत नाही."

वास्तविक बासने गायिकेच्या आड येऊ नये. तिच्या मोकळ्या तारा शंभर कंपनांच्या आत राहतात, स्त्रीचा आवाज साधारणतः दोनशेच्या वर सुरू होतो. दोघांची दुकाने वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत म्हणा ना. पण खालची तार पट्ट्यांवर आपटू लागली की तिचा खडखडाट वरच्या मजल्यावर जातो आणि बारीक आवाजाच्या दारातच उभा राहतो. जिजीचा पूर्वीचा आवाज त्याला बाजूला सारू शकला असता. आताचा नाही.

जिजीने काही समजावून सांगितले नाही. कोपऱ्यातला मिरजेचा तानपुरा उचलून भावाच्या मांडीवर दिला आणि म्हणाली, "तासभर हा छेड. मी गाते." तानपुऱ्याला जोर चालतच नाही. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन, बोटाच्या मांसल टोकाने, जवळजवळ ओघळल्यासारखे. घोडीवरच्या जवारीतून नाद आपोआप फुलतो. ओढाल तर बिघडतो. मराठीत तबला वाजवतात, झांज वाजवतात, तार मात्र छेडतात. या क्रियापदातच बोटाचे वजन सांगितले आहे. आपल्या कापसाच्या मुलखात पूर्वी दारोदार फिरणारा पिंजारीही हे जाणून असे. धनुकलीच्या तातीवर त्याचा ठोका अंमळ कमी पडला तर कापूस सुटत नसे, अंमळ जास्त पडला तर धागा तुटे.

तासाभराने त्यांनी पुन्हा बास घेतली. या वेळी क्रम उलटा केला. आधी अँप्लिफायरचा आवाज वाढवला, मग इतक्या हळू छेडले की नाद जेमतेम निघावा. तिथून जोर वाढवत नेला आणि तार पहिल्यांदा खडखडली तिथे थांबले. या दोन टोकांच्या मध्यावर, किंबहुना थोडे खालीच, त्यांनी आपली नेहमीची जागा ठरवली. बँकेच्या कॅश क्रेडिटचा व्यवहार असाच असतो. मर्यादा पूर्ण उचलून बसलेल्या व्यापाऱ्याकडे हंगामात माल आला तरी खरेदीला वाव नसतो. रोजच पूर्ण जोराने वाजवणाऱ्यालाही स्तवनाच्या शेवटच्या आवर्तनात, जिथे खरोखर उठाव हवा, तिथे देण्यासारखे काही उरत नाही.

जागेचाही फरक पडतो. घोडीजवळ तार कडक लागते, तिथे नाद आटोपशीर निघतो. मानेकडे ती सैल लागते, नाद गोल होतो आणि थोडक्या स्पर्शानेही भरतो. त्यांनी हात मानेकडे सरकवला. बोट तारेत खोल घालणे सोडले, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर पुरेसे ठरले. छेडून झाल्यावर बोट शेजारच्या तारेवर टेकून राहू दिले. सर्वांत छळले ते तर्जनी आणि मधल्या बोटाने. मधले बोट लांब आणि बळकट. त्यामुळे एक सूर ठळक, एक फिका, असे चाले. अमेरिकेचे जेम्स जेमरसन बहुतेक सारे काम एकट्या तर्जनीने करीत, हे मुलीने सांगितल्यावर गृहस्थांना मोठा धीर आला. संथ स्तवनांना त्यांनीही एकच बोट ठेवले. द्रुत गतीला ते पुरत नाही, पण जिजीच्या यादीत द्रुत काही नव्हतेच.

चैत्रातल्या त्या संध्याकाळी जिजीने तीन स्तवने म्हटली. तिसऱ्याच्या वेळी ढोलकवाला रंगात येऊन चढू लागला. पूर्वीचा हात असता तर त्याच्यामागे धावला असता. हे गृहस्थ जागचे हलले नाहीत, उलट किंचित उतरले. थोड्या वेळाने ढोलकवाल्याने मान वळवून पाहिले आणि तोही खाली आला. शेवटची ओळ जिजीने डोळे मिटून, पूर्वी घेत असे त्याच जागेवरून घेतली. मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या सुनेने नंतर सांगितले, की शब्द न् शब्द तिथवर आला.

पर्युषणानंतर जळगावला कार्यक्रम आहे. सभागृह धुळ्याच्या दुप्पट. दाणाबाजारातील त्या दुकानात गल्ल्याजवळ एक छोटी वही असते. तिच्या शेवटच्या पानावर आवक-जावकेच्या आकड्यांखाली, दुकानाचा हिशेब तपासणाऱ्याला काही केल्या उलगडणार नाही अशी एक नोंद आहे: 'धुळे. अँप्लिफायर ६. बोट अर्धे. जिजी बरी.'