तिकीट पुसलं जाईल, आठवण ठेव

ह्युस्टन

चि. ओंकार यास,


तुझा निरोप वाचला. सत्तर मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पंच्याऐंशीनं गाडी नेल्याबद्दल तिकीट मिळालं, आता दंड भरून मोकळं व्हावं की डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करावा, असं तू विचारलं आहेस. दोन्हींचा खर्च मांडून कोर्स स्वस्त पडतो, असा हिशेबही केला आहेस. ‘कोर्स कर’ एवढं फोनवर सांगूनही भागलं असतं. पण ज्या कारणासाठी तू तो करायला निघाला आहेस ते मला पुरेसं वाटत नाही, उलट थोडं धोक्याचंच वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. माझं म्हणणं असं आहे: कोर्स जरूर कर, पण तिकीट पुसण्यासाठी म्हणून करू नकोस. कायदा ते तुझ्या रेकॉर्डवरून काढून टाकेल. तूही ते मनातून काढून टाकलंस, तर मुकाट्यानं दंड भरणाऱ्या माणसापेक्षा तुझी स्थिती वाईट होऊ शकते. हे मी नुसत्या काळजीपोटी म्हणत नाही, त्याला आधार आहे.

आधी टेक्सासचा कायदा नेमकं काय देऊ करतो ते पाहू. तिकिटावर कोर्टात हजर होण्याची जी तारीख असते, त्या तारखेपर्यंत ‘गिल्टी’ किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ असं सांगून कोर्सची परवानगी मागायची. कोर्ट निकाल बाजूला ठेवून 90 दिवसांची मुदत देतं. त्या मुदतीत सहा तासांचा मान्यताप्राप्त कोर्स पुरा करायचा, त्याचं प्रमाणपत्र आणि टेक्सासच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडून (डी. पी. एस.) काढलेलं ड्रायव्हिंग रेकॉर्ड दाखल करायचं, कोर्टाची फी भरायची, की तिकीट रद्द. गुन्ह्याची नोंदच होत नाही, त्यामुळे त्यापायी इन्शुरन्स वाढण्याचा प्रश्नही मिटतो. ही सवलत सरसकट नाही. गेल्या 12 महिन्यांत एकदा घेतली असेल तर पुन्हा मिळत नाही. मर्यादेपेक्षा 25 मैल किंवा त्याहून जास्त वेग असेल, किंवा वेग ताशी 95 मैल वा त्याहून जास्त असेल, तर मिळत नाही. रस्त्याचं काम चालू आहे आणि कामगार तिथे हजर आहेत, अशा ठिकाणीही नाही. आणि व्यावसायिक लायसन्स असलेल्या चालकाला तर ती नाहीच, कारण अशा चालकाचा गुन्हा राज्यांनी झाकू नये, असा अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा नियम आहे. या शेवटच्या अटीवर जरा थांब. ज्यांच्या हाती 80,000 पौंडांचं धूड असतं, त्यांच्या चुकीची आठवण पुसणं धोक्याचं आहे, हे कायदा उघड मान्य करतो. मग तुझ्या-माझ्या बाबतीत तेच पुसणं निर्धोक कसं?

आता पुरावा पाहू, आणि आधी कोर्सच्या विरोधात जाणारा. कोक्रेन या संस्थेनं 2003 साली लायसन्स मिळाल्यानंतर दिल्या जाणाऱ्या चालक-शिक्षणाचा आढावा घेतला. त्यात 24 चाचण्या आणि तीन लाखांहून अधिक चालक होते. अशा शिक्षणानं अपघात किंवा इजा टळतात याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. मॅस्टन आणि पेक या संशोधकांनी 2004 साली गुन्हा केलेल्या चालकांवरच्या निरनिराळ्या उपायांचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा सगळे उपाय मिळून अपघात 6 टक्क्यांनी आणि नियमभंग 8 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्यातही सगळ्यात जोरकस उपाय ठरला तो लायसन्स निलंबित करण्याचा. आणि सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट कॅलिफोर्नियाची आहे. तिथे वर्षानुवर्षं कोर्स केला की तिकीट रद्द होत असे. तिथल्या मोटार वाहन खात्याच्याच संशोधकांनी तपासलं, तेव्हा कोर्स करून सुटलेल्या चालकांचे पुढचे अपघात, दोषी ठरून शिक्षा भोगलेल्या चालकांपेक्षा जास्त निघाले. वर्गात बसून कोणी वाईट चालक होत नाही. पण नोंद पुसली की पुढच्या वेळेची धास्ती जाते, आणि सहा तासांचं शिकणं त्या धास्तीची जागा भरून काढू शकत नाही. अखेर तिथला कायदा बदलला. 1 जुलै 2011पासून कोर्स केला तरी गुन्ह्याची नोंद खात्याकडे राहते, फक्त ती इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूचा पुरावा ब्रिटनचा आहे. तिथे थोड्याशा जास्त वेगात सापडलेल्याला दंड आणि पेनल्टी पॉइंटऐवजी वेग-जागृतीचा कोर्स देऊ करतात. सरकारनं करवून घेतलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस लाखांहून अधिक चालकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोर्स स्वीकारणाऱ्यांनी पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा वेगमर्यादा मोडण्याचं प्रमाण 12 ते 23 टक्क्यांनी कमी दिसलं. पुढे तो फरक ओसरत गेला, पण तीन वर्षांपर्यंत थोडाफार टिकून राहिला. मात्र अपघात कमी झाले, असं त्या अभ्यासालाही ठामपणे सांगता आलं नाही. हे सगळं एकत्र ठेवलं की मला दिसतं ते असं: कोर्समुळे माणूस काही काळ सावध होतो, त्यापुढचं काम कोर्स करत नाही. ते त्यानं स्वतः करायचं असतं, आणि तेही सावधपणा ओसरण्याआधी. ‘कोर्स निरुपयोगी आहे’ आणि ‘कोर्स केला की झालं’, ही दोन्ही मतं म्हणूनच मला सारखीच चुकीची वाटतात.

मग त्या सहा तासांतून उचलायचं काय? बरीचशी माहिती तुला ठाऊकच असेल: स्कूल बस थांबली की थांबायचं, दारू पिऊन गाडी हातात घ्यायची नाही, चालवताना मेसेज करायचा नाही. खरी मोलाची आहे ती त्यामागची एक वेगळी विचारपद्धत. अमेरिकेच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलनं 1964 साली डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स सुरू केला, तेव्हापासून त्याच्या गाभ्याशी एकच प्रश्न आहे. अपघात झाल्यावर पोलीस, वकील आणि विमा कंपनी विचारतात, चूक कोणाची? कोर्स विचारतो, तुला तो टाळता आला असता का? या दोन प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा वेगळी येतात. समोरचा सिग्नल तोडून आला तर चूक त्याचीच. पण हिरवा दिवा लागल्यावर डावी-उजवीकडे एकदा पाहून निघाला असतास, तर तुला तो दिसला असता. पहिल्या प्रश्नावर चालणारा माणूस आपला हक्क सांभाळतो. दुसऱ्यावर चालणारा माणूस आपल्याभोवती जागा राखतो, म्हणजे दुसऱ्याची चूक पचवता येईल एवढा वेळ आणि एवढं अंतर.

ती जागा वेगानं कशी खाल्ली जाते, हे तू इंजिनियर आहेस, स्वतः मांडून बघ. प्रतिक्रियेला दीड सेकंद धर, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकनं दर सेकंदाला 7 मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी होतो असं धर. सत्तर मैलांनी धावणारी गाडी अडथळा दिसल्यापासून सुमारे 117 मीटरवर थांबते. पंच्याऐंशीची गाडी थांबायला सुमारे 160 मीटर घेते. आता असं समज की अडथळा बरोबर 117 मीटरवर आहे. सत्तरची गाडी त्याला टेकण्यापूर्वी थांबलेली असेल. पंच्याऐंशीची गाडी त्याच जागी अजून ताशी 55 मैलांनी धावत असेल. फरक पंधरा मैलांचा, पण एकाला फक्त धडकी भरते आणि दुसऱ्याच्या घरी फोन जातो. आणि हे कशासाठी? तीस मैलांच्या प्रवासात, रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तरी, पंच्याऐंशीनं जेमतेम साडेचार मिनिटं वाचतात.

तुझा एक मुद्दा असा आहे की पुण्याच्या रहदारीत गाडी शिकल्यामुळे तुझी नजर आणि हात इथल्या लोकांपेक्षा तयार आहेत. असतीलही. पण स्वतःच्या कौशल्याबद्दलचं आपलं मत हा फार कच्चा पुरावा असतो. ओला स्वेन्सन या संशोधकानं 1981 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे 93 टक्के अमेरिकी विद्यार्थ्यांनी, चालवण्याच्या कौशल्यात आपण वरच्या अर्ध्यात बसतो, असं सांगितलं होतं. आणि कौशल्य खरोखरच असलं तरी ते पुरत नाही. 1974 साली अमेरिकेत शर्यतीचं लायसन्स असलेल्या चालकांचं साध्या रस्त्यावरचं रेकॉर्ड तपासलं गेलं, तेव्हा त्यांचे अपघात आणि नियमभंग सामान्य चालकांहून जास्त निघाले. ज्याचा हात तयार असतो, तो बहुधा राखलेली जागाच वापरून टाकतो. त्यातून पुण्याच्या गर्दीतली चपळाई ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात कमावलेली असते. ताशी 137 किलोमीटरला, म्हणजे तुझ्या पंच्याऐंशी मैलांना, गाडी एका सेकंदात 38 मीटर पुढे गेलेली असते. तिथे चपळाईपेक्षा आधी पाहिलेलं कामाला येतं.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: सगळेच ऐंशीनं जात असताना एकट्यानं सत्तरनं जाणं हेच धोक्याचं नाही का? या समजुतीमागे डेव्हिड सॉलोमन यांचा 1964चा अभ्यास आहे. सरासरीपेक्षा फार हळू आणि फार वेगानं जाणाऱ्या, दोन्ही गाड्यांचे अपघात जास्त, असं त्यात दिसलं होतं. पण त्यातल्या हळू गाड्यांत वळणाऱ्या, रस्त्यावर नुकत्याच येणाऱ्या गाड्याही मोजल्या गेल्या होत्या. पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2001 साली गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर जास्त काटेकोर मोजणी केली. सरासरीपेक्षा ताशी 10 किलोमीटर जास्त वेगाला इजा होणाऱ्या अपघाताची जोखीम दुपटीहून अधिक आणि 20 किलोमीटरला जवळजवळ सहापट निघाली. हळू जाणाऱ्यांची जोखीम मात्र वाढलेली दिसली नाही. तुझ्या म्हणण्यातलं खरं तेवढं मी घेते. डावी लेन अडवून सत्तरनं चालणं हाही बेजबाबदारपणाच आहे. त्यावर उपाय उजव्या लेनचा आहे, पंच्याऐंशीचा नाही.

तिसरा मुद्दा पैशाचा: ही सगळी वसुली आहे, नगरपालिकांना पैसे हवे असतात. यातही तथ्य आहे. 5,000पेक्षा कमी वस्तीच्या गावांनी दंडाच्या पैशातून आपल्या महसुलाच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त स्वतःकडे ठेवू नये, असं बंधन टेक्सासच्या कायद्यालाच घालावं लागलं, यावरून काय ते समजावं. पण तिकीट देणाऱ्याचा हेतू गढूळ असला तरी तुझ्या गाडीचं थांबण्याचं अंतर एक मीटरनंही कमी होत नाही. टेक्सासच्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही असा शेवटचा दिवस 7 नोव्हेंबर 2000 हा होता. अलीकडे इथे वर्षाला चार हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मरतात. वसुलीवर राग असेल तर तो सिटी कौन्सिलच्या सभेत जाऊन मांड. वेगाशी त्याची सांगड घालू नकोस.

या बाबतीत आपल्याकडची सवयही तुझ्याबरोबर आली आहे की काय, अशी मला शंका येते. महाराष्ट्रात ई-चलान आलं की कित्येक जण ते साठवत बसतात आणि लोकअदालतीत तडजोड करून रक्कम कमी करून घेतात. नियम मोडण्याला एक भाव असतो, तो भाव पाडून घेणं हा शहाणपणा, असा तो समज. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यातल्या दहापैकी सात मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या खात्यावर आहे. हा भाव कोण मोजतं, ते त्यावरून दिसतं. 2019च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानं निदान कागदावर तरी एक योग्य गोष्ट केली आहे: दंडाची तडजोड झाली तरी, उजळणी प्रशिक्षण घेण्याचं बंधन असेल तर ते सुटत नाही. पैसे आणि शिकणं या दोन गोष्टी त्या कायद्यानं वेगळ्या ठेवल्या. टेक्सासचा कायदा त्यांची अदलाबदल करू देतो. तू मनात ती होऊ देऊ नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

तेव्हा तिकिटावरची तारीख उलटण्याआधी कोर्टाकडे अर्ज कर. कोर्स ऑनलाइन घेणार असशील तर दुसरं काम करत एका बाजूला तो चालू ठेवू नकोस. दोन-तीन बैठकांत पुरा कर आणि प्रत्येक बैठकीनंतर त्यातली एकच सवय आठवडाभर रस्त्यावर पाळ: पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर, नाहीतर दर पाच-आठ सेकंदांनी आरशात नजर, नाहीतर ऑफिसला दहा मिनिटं आधी निघणं. सावधपणा सहा महिन्यांत पातळ होतो हे ब्रिटनच्या आकड्यांनी दाखवलं आहे. तेव्हा सहा महिन्यांनी या सवयी उरल्या आहेत का, ते तपासायची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाकून ठेव. आणि यापुढचे 12 महिने ही सवलत नाही, असं न मानता ती आता कधीच नाही, असं धरून चाल. खरी शिक्षा मिळेल ही जाणीव कोर्ट तुझ्यापुरती काढून घेईल. ती तूच स्वतःवर ठेवलीस, तर कोर्सचा तुला फायदाच होईल. या पत्रातलं एखादं गणित चुकलेलं वाटलं तर जरूर लिही. पण ते करून बघ, नुसतं वाचून सोडू नकोस.

तुझी,
मावशी