विमानतळावरचा जमाव आणि वाटेचा हक

मुंबईच्या सहार विमानतळावर खरी वर्दळ मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. आखाती देशांकडे जाणारी बरीच विमाने याच वेळेत सुटतात. टर्मिनल 2 च्या वरच्या मजल्यावर गाड्या लागतात आणि महाड, खेड, श्रीवर्धन, रत्नागिरीकडून आलेली कुटुंबे सामान उतरवू लागतात. कुणी सुट्टी संपवून कुवेतला नोकरीवर परत निघालेला असतो, कुणी नवी नवरी पहिल्यांदा नवऱ्याकडे दुबईला जात असते, तर कुणी उमराहला. दाराशी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. ज्याच्याकडे तिकीट नाही, त्याने दाराबाहेरच सलाम करायचा. म्हणून आपल्याकडचे सगळे निरोप, सगळे रडणे आणि सगळ्या दुआ दाराबाहेरच्या त्या अरुंद पट्टीवर उरकतात.

आम्ही हजला निघालो तेव्हा पोचवायला आलेली भाचेमंडळी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहत होती. परदेशातल्या एका विमानतळावर एक मुलगा अचानक नाचू लागतो, मग दुसरा, मग वीसजण, आणि बाकीचे प्रवासी थक्क होऊन बघत राहतात. यालाच फ्लॅश मॉब म्हणतात. आधी गुपचूप ठरवायचे, ठरल्या वेळी एकत्र यायचे, दोन-चार मिनिटांत खेळ संपवून जणू काही घडलेच नाही असे पांगायचे. "मामू, आपल्याकडे असे का होत नाही? सगळे कसे तोंड पाडून बसलेले असतात!" असे एका भाच्याने विचारले. प्रश्न मुलांचा असला तरी हसून सोडून देण्यासारखा नव्हता.

या खेळाचे वय फार नाही. 2003 साली न्यूयॉर्कमध्ये बिल वासिक नावाच्या मासिक संपादकाने तो सुरू केला. मॅनहॅटनच्या मेसीज या मोठ्या दुकानात शंभरावर माणसे एका गालिच्याभोवती जमली आणि थोड्या वेळाने निघून गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही हवा मुंबईत हाजी अलीजवळच्या क्रॉसरोड्स मॉलपर्यंत पोहोचली. पुढे 2011 च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात सुमारे दोनशे तरुण-तरुणींनी नाच केला. 26/11 च्या हल्ल्याला तीन वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो झाला. ज्या स्थानकात पन्नासहून अधिक निरपराध माणसे मारली गेली, तिथे पुन्हा हसू फुलले म्हणून अनेकांचे डोळे भरून आले.

विमानतळांवरही हे झाले आहे. 2010 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर टर्मिनल 5 मधून बाहेर पडणाऱ्या प्रवाशांचे गायकांनी वाद्यांशिवाय गाऊन स्वागत केले. त्यामागे एका मोबाईल कंपनीची जाहिरात होती. 2011 मध्ये बैरूतच्या रफीक हरीरी विमानतळावर करमुक्त दुकानांच्या भागात तरुणांनी हातात हात घालून दबके हा तिकडचा लोकनाच केला. ज्या शहराने इतकी वर्षे युद्ध पाहिले, त्याच्या विमानतळावर लोक हसताना पाहून कुणालाही बरे वाटेल.

म्हणजे भाच्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. विमानतळ ही रुक्ष जागा आहे. तिथे तासन्‌तास बसावे लागते आणि शेजारचा माणूस शेजारच्याशी बोलत नाही. शिवाय सार्वजनिक जागी आनंद दिसू नये, असे आपला दीनही सांगत नाही. ईदच्या दिवशी हब्शी लोक मस्जिदे नबवीत भाल्यांचे खेळ करत होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना आपल्या आडोशाने ते मनसोक्त पाहू दिले, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. गाणे-वाजवणे जायज की नाजायज, यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत. तो वाद इथे नको. समजा, गाण्याऐवजी चाळीस मुलांनी अचानक नात म्हटली, तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. हा प्रश्न जागेचा आहे, आणि त्या जागेवर कुणाचा काय हक आहे याचा आहे.

आत गेल्यावर आम्ही रांगेतल्या माणसांकडे जरा निरखून पाहिले. एक मजूर पासपोर्ट आणि कागद छातीशी धरून उभा होता, पुढचा माणूस करील तसे करत होता. एक बाई झोपलेले लेकरू खांद्यावर टाकून दुसऱ्या हाताने ट्रॉली ढकलत होती. चाकाच्या खुर्चीवर एक वृद्ध होते. एक माणूस भिंतीकडे तोंड करून फोनवर हळू आवाजात बोलत होता, आणि "मिट्टी कधी आहे?" एवढेच शब्द आमच्या कानावर आले. मय्यतीला पोहोचण्यासाठी निघालेल्या माणसाला त्या क्षणी कुणी टाळ्या वाजवायला सांगितल्या तर?

बाजारात तमाशा आवडला नाही तर माणूस पुढे निघून जातो. विमानतळावर त्याला जाता येत नाही. रांग सोडली तर नंबर जातो, सामान सोडून दूर जाता येत नाही आणि दार बंद झाले तर विमान जाते. म्हणजे इथला प्रेक्षक स्वतःहून आलेला नसतो, तो अडकलेला असतो. त्यात इथल्या सुरक्षेची सगळी मदार 'अचानक काही घडू नये' यावर असते आणि फ्लॅश मॉबचा सगळा मजाच मुळी अचानक घडण्यात असतो. हत्यारबंद जवानांसमोर पन्नास माणसे एकदम धावत एका जागी जमली, तर तो नाच आहे हे कळायला जे काही क्षण लागतात, तेवढ्यात चेंगराचेंगरी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत बोलली जाते, बाहेर फारशी नाही. असा खेळ सगळ्यांनी केला तर त्याकडे सारख्याच नजरेने पाहिले जाईल का? टोप्या घातलेली, दाढी राखलेली तीस मुले अचानक एकत्र आली, तर लोक आधी मोबाईल काढतील की आधी घाबरतील? हा प्रश्न कडू आहे. अचानक जमावाची गंमत ज्याच्यावर कुणी शंका घेत नाही त्यालाच परवडते. आपल्या मुलांना हे भीती घालण्यासाठी सांगू नये, पण समजावून मात्र जरूर सांगावे.

अशा वेळी वाटेच्या हकाची हदीस आठवते. सहाबांना रस्त्यावर बैठक मारण्यापासून प्रेषितांनी (स.) रोखले. बसल्याशिवाय गत्यंतर नाही असे त्यांनी सांगितले, तेव्हा फर्मावले की मग रस्त्याला त्याचा हक द्या. नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून रोखणे, हा तो हक. नमाजची इमामत करताना एखादे मूल रडल्याचा आवाज आला तर आईचा जीव कासावीस होईल म्हणून प्रेषित (स.) नमाज थोडक्यात आटोपत. जमातीची नमाजसुद्धा जिथे एका आईसाठी आखूड होते, तिथे आपल्या हौसेसाठी शंभर मुसाफिरांची वाट अडवण्याला काय आधार उरतो?

मग जमावाला विमानतळावर जागाच नाही का? आहे, आणि ती आम्ही जेद्दाहला पाहिली. तिथले हज टर्मिनल 1981 साली सुरू झाले. त्याच्या आखणीत इंजिनिअर फजलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता. ते मूळचे ढाक्याचे. पुढच्याच वर्षी जेद्दाहमध्येच त्यांचा इंतकाल झाला. वर पांढऱ्या कापडाचे 210 तंबू ताणलेले आहेत आणि बाजू मोकळ्या, म्हणजे हवा खेळती राहते. हजारो माणसे एकाच वेळी येणार, थकलेली असणार, बससाठी थांबणार, वुजू आणि नमाज करणार, हे सगळे आधी धरून ती जागा बांधली आहे. तिथे एका कोपऱ्यातून लब्बैकचा आवाज उठतो आणि बघता बघता सगळा तंबू त्यात सामील होतो. पण त्याने कुणी दचकत नाही, कुणाची वाट अडत नाही, कारण तिथला प्रत्येक माणूस त्याच कामाला आलेला असतो.

सहारला परत येताना हीच कसोटी मनात होती. ज्यांना नाचायचे, गायचे आहे त्यांनी विमानतळाच्या परवानगीने, आगमनाच्या बाजूला, वाट मोकळी ठेवून, ज्याला नको त्याला बाजूने जाता येईल अशा जागी जरूर आनंद करावा. घरी परतणाऱ्या माणसाला तो गोडही वाटेल. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आणि विमानाच्या दारापाशी मात्र नको.

आणि हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. 1995 पर्यंत मुंबईहून हाजी जहाजानेही जात. तो प्रवास अनेक दिवसांचा, परतीची खात्री कमी, म्हणून बंदरावर अख्खे गाव लोटायचे. आता विमान काही तासांत पोहोचवते, तरी एका हाजीमागे तीन-तीन गाड्या येतात. हार, नारे, सेल्फी आणि ट्रॉल्यांचा खोळंबा होतो. त्यात शेजारच्या मुसाफिराला दारापर्यंत पोहोचता येत नाही. आत नमाजची वेळ झाली, की येण्याजाण्याच्या वाटेतच सफ लावली जाते. थोडे बाजूला सरकले तर नमाजही होते आणि वाटही राहते.

हाजीला निरोप मोहल्ल्याच्या मस्जिदीत द्यावा, घरच्या अंगणात द्यावा, तिथे हवे तेवढे लोक जमावेत आणि मनापासून दुआ व्हावी. विमानतळावर सामान उचलायला लागतील तेवढी दोन-तीन माणसे पुरेत. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला चाल मध्यम आणि आवाज खाली ठेवण्याची नसीहत करतात. सफरीला निघताना मुलांच्या बॅगेत बाकी सामानाबरोबर ही एक नसीहत ठेवली तर तिचे वजन होत नाही, आणि कुठल्याच विमानतळावर ती कुणी काढून घेत नाही.