चांगलं भिंग काढायचं का?

माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे बारा आहे. चष्मा उतरवला की आरशातल्या मला नाक-डोळे नसतात. लेझर करायला माझा कॉर्निया पातळ आहे. म्हणून दुसरा पर्याय पुढे आला : डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवायची. “आईंचं मोतीबिंदूचं झालं ना? तेच,” काउन्सेलर म्हणाली.

शस्त्रक्रिया खरंच तीच. भिंग अल्ट्रासाउंडने फोडून शोषून घ्यायचं आणि त्याच्या रिकाम्या पिशवीत घडी केलेली लेन्स सरकवायची. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली; आज हे काम काही मिनिटांत होतं.

पण आईचं भिंग गढूळ झालं होतं. माझं स्वच्छ आहे आणि कामावर आहे. चष्मा लावून रस्त्यावरून मोबाईलकडे पाहिलं की ते फुगतं आणि अक्षरं स्पष्ट होतात. साधी कृत्रिम लेन्स अशी फुगत नाही. म्हणजे चौतिसाव्या वर्षी दूरचा चष्मा जाऊन वाचायचा येणार. मल्टिफोकल लेन्स घेतली तर तोही टळू शकतो, मात्र रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. मी रोज रात्री बाईकने घरी येतो.

मोठी भीती पडद्याची. जास्त मायनस नंबर म्हणजे लांबट डोळा आणि ताणलेला, पातळ पडदा. तरुणपणी डोळ्यातली जेल या पडद्याला चिकटलेली असते. भिंग काढल्यावर ती हलते, पडद्याला ओढते, आणि तो फाटून सुटू शकतो. कमी वय, लांब डोळा, पुरुष : या तिन्हींनी धोका वाढतो. तिन्ही मीच. आणि हे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही होऊ शकतं. अचानक चमका, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

लेन्समागची पिशवी पुढे धुरकटते, ते लेझरने साफ होतं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते.

आईने हे सगळे धोके पत्करले, कारण तिला जिन्याची पायरी दिसत नव्हती. मला दिसते, चष्म्यातून का होईना. काढलेलं भिंग परत बसवता येत नाही. माझंही एक दिवस गढूळ होईल. तेव्हा ते द्यायला माझी ना नसेल. तोवर उणे बारा.