‘लेट ऑफ’ आणि आपलं सोडणं

सांगली

चि. मनूस,

भाडं उशिरा दिलंस तेव्हा घरमालकीण ‘आय विल लेट यू ऑफ’ म्हणाली, म्हणजे तिनं दंड न लावता तुला सोडलं. पण कोशात तुला त्याच शब्दापुढे फटाके, वाफ, बस असं सगळंच सापडलं. मनू, कोश मिट आणि आपलं ‘सोडणं’ आठव. दिवाळीत बाण सोडतात. कुकर वाफ सोडतो. पाऊस वाढला की मुलांना शाळेतून लवकर सोडतात. रिक्षावाला स्टँडवर सोडतो, हवालदार ताकीद देऊन सोडतो. या सगळ्याला इंग्रजीत ‘लेट ऑफ’ चालतं.

मला यात फार गंमत वाटते. जुन्या इंग्रजीत ‘लेट’चा अर्थ मुभा देणं होता, तसाच मागे ठेवणं, जाऊ देणं असाही होता. आणि एका एफचा ‘ऑफ’ व दोन एफचा ‘ऑफ’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार, अर्थ ‘पासून दूर’. तेव्हा कोणी काय धरून ठेवलं होतं ते बघ, अर्थ आपोआप लागतो.

मात्र ही जोडी सगळीकडे जमत नाही. पाटण तालुक्यात कोयनेचे दरवाजे उचलून पाणी सोडतात, ते कराडला कृष्णेत मिळून आपल्याकडे येतं. तिथे ‘लेट आउट’ म्हण, कारण पाणी भिंतीच्या आतून बाहेर येतं. 2019 च्या ऑगस्टमधला सांगलीचा पूर आठव. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी हेच क्रियापद होतं. धरणातून पाणी सोडलं. मारुती चौकातल्या लोकांनी घरं सोडली. गोठ्यातल्या म्हशी दावं कापून सोडल्या. पोरांना मिरजेला सोडून आलो. श्रावण होता, कुणी निवारा केंद्रातल्या भातावर सोमवार सोडला. इंग्रजीला यासाठी लेट आउट, लीव्ह, लेट लूज, ड्रॉप ऑफ, ब्रेक असे पाच शब्द लागतील. आपण एकावर भागवतो आणि बाकीचं नामावर सोपवतो.

‘लेट डाउन’ तेवढं वेगळं धर. भरवसा दिलेल्यानं ऐनवेळी हात सोडला, तर ते म्हणतात. घरमालकीण कधी ‘डोन्ट लेट मी डाउन’ म्हणाली, तर ती तुझ्यावर विसंबून आहे असं समज आणि भाडं तारखेच्या आधी दे.

तुझी,
आत्या