भंडारदऱ्याच्या काठी दोन रात्री

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत राहावे आणि गळ टाकून मासे धरावेत, हा बेत आम्ही चार शाळासोबत्यांनी प्रथम आखला तेव्हा आमच्यापैकी कोणाचाही केस पिकलेला नव्हता. तो प्रत्यक्षात उतरला गेल्या डिसेंबरात. मधल्या काळात आमच्यातील मॅनेजरच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचून घेणे त्याच्या वाट्याला आले. इंजिनियरचे गुडघे त्याला जमिनीवर बसू देईनात. मास्तरच्या घरी त्याच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला मधुमेह होताच, त्यात स्मृतिभ्रंशाची भर पडली. गेल्या चार वर्षांत मास्तर एकही रात्र घराबाहेर झोपला नव्हता.

बेत पुन्हा निघाला तेव्हा डॉक्टर म्हणून माझे पहिले उत्तर ‘नको’ असेच होते. ‘नको’ म्हणणे आम्हा डॉक्टरांना फार सोपे असते. तेथे आमची जबाबदारी संपते. पण मॅनेजरने मला विचारले, “अरे, घरी बसून राहिलो तर मला काही होणार नाही, अशी हमी तू देतोस का?” ती हमी माझ्यापाशी नव्हती. मग आम्ही तयारीला लागलो. मॅनेजरने आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घेतले. प्रत्येकाची औषधे दोन निरनिराळ्या पिशव्यांत भरली, म्हणजे एक हरवली तरी दुसरी हाताशी राहावी. प्रत्येकाच्या खिशात आजार, औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली. तंबूपर्यंत मोटार जाईल अशीच जागा निवडली. मास्तरची बहीण दोन रात्रींसाठी आईपाशी येऊन राहिली. तिला सूचना देता देता मास्तरने वहीची चार पाने भरली होती.

नाशिककडून घोटी आणि बारीमार्गे शेंडीला जाताना कळसूबाईचे शिखर सोबत करते. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर. शेंडीपाशी प्रवरा नदीवर विल्सन धरणाची दगडी भिंत उभी आहे. १९१० साली सुरू झालेले तिचे बांधकाम १९२६ साली पूर्ण झाले. या भिंतीमागे रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीपर्यंत पाणी पसरलेले आहे. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा येथे थबकते, पुढे रंधा धबधब्यावरून खाली झेपावते आणि अकोले, संगमनेर ओलांडून नेवाशाला पोहोचते. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली, ते हेच प्रवराकाठचे नेवासे. डिसेंबरात पावसाळ्याचा गडगडाट नसतो आणि काजव्यांच्या दिवसांतली गर्दीही नसते. पाणी निवांत असते आणि डोंगरांची प्रतिबिंबे दुपारपर्यंत जागची हलत नाहीत.

आमचे यजमान गावातलेच, साठीचे गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. जमिनीवर अंथरूण घालणे इंजिनियरला जमणार नाही हे आधीच कळवले होते, म्हणून मामांनी तंबूत खाटा टाकल्या होत्या. रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्यांचा तंबू शौचालयाच्या सर्वांत जवळ होता आणि प्रत्येकाच्या उशाशी बॅटरी होती. आमच्या वयात अंधारात तंबूच्या दोरीला अडखळून पडणे हा वाघापेक्षा मोठा धोका! थंडी कितीही वाजली तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत न्यायची नाही, हाही नियम केला. बंद जागेत तिचा विषारी वायू झोपेतच घात करतो.

मामांच्या परवानगीने आम्ही त्यांच्या जागेवरून गळ टाकले. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, दोरीला थर्माकोलचा तुकडा आणि आमिषाला कणकेची गोळी, एवढेच साहित्य. काठाची ओली माती निसरडी असल्याने खुर्च्या पाण्यापासून मागे मांडल्या. दोन तासांत एकही मासा लागला नाही. शाळेतले मास्तर, परीक्षा आणि बुडालेल्या पैजा यांच्या गप्पा मात्र भरपूर झाल्या. आमचा मास्तर तेवढा दर अर्ध्या तासाने मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता.

संध्याकाळी मामांनी जाळ्यातला रोहू आणला. चूल पेटली होती. “दहा मिनिटांत ताटे वाढतो,” असे ऐकल्यावर मीच मॅनेजरला म्हणालो, “घे तुझे इन्सुलिन.” त्याने आठ वाजता सुई टोचली. पण लाकडे ओलसर निघाली, चूल दोनदा विझली आणि पाऊण तास झाला तरी भाकरीचा पत्ता नव्हता. आम्ही शेकोटीभोवती बसून पूर्वेला वर आलेले मृग नक्षत्र पाहत होतो. मॅनेजर एकाएकी इंजिनियरवर खेकसला. गळ नीट गुंडाळला नाही, एवढेच निमित्त. त्याचा शाळेपासूनचा तापट स्वभाव मला ठाऊक होता. मी हसून दुर्लक्ष केले.

मास्तर मात्र उठला आणि त्याने मॅनेजरच्या मानेवर हात ठेवला. “याला घाम आलाय. या थंडीत घाम? साखर आण आधी.” ग्लुकोमीटरवर आकडा आला ५४. पाण्यात तीन चमचे साखर कालवली, पण मॅनेजर पेला ढकलू लागला. मी त्याला समजावू पाहत होतो. मास्तर शांतपणे म्हणाला, “बरोबर आहे तुझे. आधी हे पी, मग भांडू.” तो प्यायला. पंधरा मिनिटांनी आकडा ८१ झाला. तोवर भाकरी आली होती. पहिले ताट त्याला वाढले.

रोजच्या रोज आईला भरवणाऱ्या, तिचा रुसवा सांभाळणाऱ्या हाताला जे कळले, ते तीस वर्षांच्या वैद्यकीला कळले नाही. मी पिशव्या नीट भरल्या होत्या. माणूस पाहायचा राहिला. वाचकांनी यातून एवढे ध्यानात ठेवावे. हृदयरोगासाठी बीटा-ब्लॉकर गटाचे औषध घेणाऱ्यांमध्ये साखर उतरल्याची हातांची थरथर व छातीतली धडधड जाणवेलच असे नाही; घाम मात्र येतो. अकारण चिडचिड, विसंगत बोलणे आणि घाम दिसला की आधी साखर तपासावी. ती ७० पेक्षा कमी असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, वाढली नसेल तर पुन्हा द्यावी आणि नंतर जेवण द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाहेरगावी जेवण सज्ज असल्याची खात्री झाल्यावरच इन्सुलिन घ्यावे. आपल्या इन्सुलिनची नेमकी वेळ आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळी साडेआठपर्यंत झोपला. त्याला कोणीही उठवले नाही. चहा झाल्यावर आम्ही मोटारीने धरणापाशी गेलो. तेथे फोन लागला. परतताना तो गप्प होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आईने वरणभात नीट खाल्ला म्हणे. रात्री झोपलीही. माझी आठवण काढली नाही.” त्याला सुटकेचा श्वास घ्यायचा होता आणि रडूही येत होते. यावर माझ्याजवळ औषध नव्हते. मॅनेजरने त्याच्या हाती बांबूची काठी दिली आणि खुर्ची त्याच्या खुर्चीला लावून तो बसला. दुपारी थर्माकोलचा तुकडा बुडाला. तळहाताएवढी चिलापी निघाली. मास्तरने ती पाण्यात परत सोडली.

घरी परतल्यावर आईने त्याला ओळखले की नाही, हे आम्ही विचारले नाही. महिन्यातून दोन दिवस बहीण येऊन राहणार, असे त्याने आपण होऊन सांगितले. परवा त्याचा फोन आला होता. पुढच्या खेपेस सुकी लाकडे आपण इथूनच न्यावीत का, असे तो विचारत होता.